आपण दिवा विझवला

१

पहिल्यांदा खटकला तो एक शब्द. चुकीचाही नव्हता, घरोघरी दिवसभर बोलण्यात येणारा, साधाच.

दवाखान्यात दुपारची सुट्टी होती. पुढ्यात डबा, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला, आणि मी काकूंची पाळी वाचत होते. पाळी म्हणजे आमच्या खेळातली. आम्ही चौघं एका ग्रुपवर मिळून गोष्ट लिहितो. प्रत्येकाचं एक पात्र. ज्याची पाळी येईल त्याने आपल्या पात्राचं चार-सहा वाक्यांत काय ते लिहायचं आणि गोष्ट पुढच्याच्या हाती द्यायची. काकू पोस्टातून निवृत्त झाल्यात, गुडघ्यांमुळे एक जिना चढताना त्यांना तीनदा थांबावं लागतं, म्हणून त्यांनी हट्टाने भिंतींवरून उड्या मारणारा जमादार घेतलाय. चित्रकलेचे मास्तर चोर झालेत. माझी मावसबहीण, म्हणजे ताई, गोष्टीतली डॉक्टरीण आहे; खेळ चालवतेही तीच. मी किल्लीवाली. चौघंही एका बंद पडलेल्या हॉटेलात अडकलोय.

काकूंनी लिहिलं होतं: 'जमादार जिन्यात थांबला. वर कुणीतरी अनवाणी चालल्यासारखं वाटत होतं. आपण दिवा विझवला. जमादाराने शिट्टी ओठांत धरली, पण वाजवली नाही.'

घास हातातच राहिला. जमादार जिन्यात आहे. आमच्या गोष्टीत दिवा एकच, तो तळघरातल्या खोलीत आहे. मग विझवला कोणी? हे 'आपण' कोण?

मी ग्रुपवर विचारलं.

"मी कुठे लिहिलंय असं?" काकूंनी विचारलं. मग जरा वेळाने, "अगबाई, लिहिलंय खरं. चष्म्याचा नंबर वाढला वाटतं."

"काकू, दुसऱ्यांच्या हातांनी दिवे विझवायचे नाहीत," ताईने लिहिलं. "पहिला नियम. जमादार वयस्कर आहेत म्हणून एकदा माफ."

मास्तरांनी दोन हसरे चेहरे टाकले आणि प्रकरण मिटलं.

जेवण उरकून पुढच्या पेशंटसाठी मी आतली खोली उघडली. आतला दिवा बंद होता.

तो आम्ही मध्येच कधी बंद करत नाही. सकाळी लावायचा, संध्याकाळी जाताना मालवायचा. त्याचं बटण माझ्याच टेबलाशेजारी आहे. कोपर लागलं असणार. मी स्वतःची तशी समजूत घातली, दिवा लावला आणि पेशंटला म्हटलं, "या, आपण आत बसू."

२

मी कानाच्या दवाखान्यात काम करते. कुणाला किती ऐकू येतं ते तपासायचं. त्यासाठी ती आतली साउंडप्रूफ खोली आहे. जाड दार, भिंतींना करडा स्पंज, एक खुर्ची, एक हेडफोन, आणि वायरला लोंबणारं बटण. पेशंट आत, मी बाहेर, मध्ये दुहेरी काच. मी आवाज सोडायचा. त्याला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. दाबलं की माझ्यासमोर एक हिरवा दिवा लागतो. दिवसभर हाच मुका संवाद.

माझ्यासारखीला बरंच आहे ते. मला दचकायची खोडच आहे. कुणी मागून चमचा ठेवला तरी मी उडते. आई म्हणते, हिला हाक मारायची तर आधी लांबून खोकावं लागतं. कॉलेजात तोंडी परीक्षेला माझा आवाज फुटायचा नाही आणि लेखीत पहिली यायचे.

म्हणूनच ताईने मला खेळात ओढलं. "बोलताना घाबरतेस ना, मग लिही. तिथे कुणी मागून येत नाही."

सुरुवातीला मी अगदीच टाकाऊ होते. सगळे छान छान लिहीत आणि माझी पाळी आली की मी लिहायचे, 'किल्लीवाली थांबली.' झालं. ताईने मग फोनवरून माझी शिकवणीच घेतली.

"अगं, थांबली तर थांबली, पण तिला दिसलं काय? वास कसला आला? आणि पुढच्याला धरायला काहीतरी ठेव की. एखादं उघडं दार, एखादा प्रश्न. तू सगळी दारं लावून घेतेस आणि मग मास्तर बिचारे बाहेर उभे."

"आणि चुकलं तर?"

"चुकू दे. एकच गोष्ट करायची नाही. दुसऱ्याच्या पात्राचा हात आपण हलवायचा नाही. 'चोराने घाबरून किल्ली दिली' असं तू लिहायचं नाहीस. तू हात पुढे कर. द्यायची की नाही ते चोराचं चोर बघेल. वाट बघता आली पाहिजे, बये. निम्मा खेळ तोच आहे."

मी शिकले. ताई म्हणाली, रोज बघतेस ते लिही, तर मी हॉटेलच्या तळघरात आमची ती खोलीच नेऊन ठेवली. करड्या भिंती, एक खुर्ची, आवाज न येणारं दार. सगळ्यांना फार आवडली. मास्तरांनी तिचं चित्रही काढून पाठवलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर तीन माणसं पुढे काय म्हणून थांबत होती. आणि हे सगळं ताईमुळे. ताई नसती तर मी अजून 'थांबली' वरच असते.

३

दोन-तीन दिवसांनी मास्तरांची पाळी. चोर गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे लपला होता, छान चाललं होतं, आणि मध्येच: 'आपण खुर्ची भिंतीकडे वळवली.'

या वेळी मी डबा उघडलाच नाही. उठून काचेतून आत पाहिलं. खुर्चीची पाठ माझ्याकडे होती.

आमच्या मॅडमना विचारलं, तर त्या कागद चाळतच म्हणाल्या, "हो? मग आपण सकाळी त्या लहान मुलीसाठी वळवली असेल."

"आपण म्हणजे कोणी, मॅडम?"

"कोणी म्हणजे? आपणच की." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आज बरं नाहीये का आपल्याला?"

दवाखान्यात सगळे असंच बोलतात. आता आपण तोंड उघडायचं, आता आपण गोळी घ्यायची. गोळी पेशंटच घेतो, पण बोलताना आपण घेतो. मीही दिवसभर तेच बोलते. म्हटलं, मीच ही सवय खेळात नेली असेल आणि हळूहळू सगळ्यांना लागली असेल.

शब्दही मोठा लबाड. 'आपण' म्हणजे तू आणि मी मिळून. 'आपण' म्हणजे आदराने तुम्ही. मग कुणीतरी मला अदबीने सांगतंय का, की तुम्ही खुर्ची वळवली? तसं असतं तर 'वळवलीत' हवं. पण तो शेवटचा त हल्ली लावतो कोण? आणि 'आपण खुर्ची वळवली' यात क्रियापद खुर्चीच्या मागे जातं. खुर्ची स्त्रीलिंगी एवढंच कळतं. वळवणारं कोण, कितीजण, याचा पत्ता लागत नाही.

मास्तरांना मी वेगळा मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं: "लिहिताना नव्हतं ते वाक्य. पाठवल्यावर दिसलं. वाचायला बरं वाटलं, म्हणून राहू दिलं."

मी आत गेले. खुर्ची फरफटत परत काचेकडे केली. त्या खोलीत आवाज उमटत नाही, लगेच स्पंजात मुरतो, तरी मी मुद्दाम फरफटवली.

४

मग 'आपण बसलो' आलं.

आता मात्र पळवाट नव्हती. तुम्ही असतं तर 'बसलात' झालं असतं. 'बसलो' म्हणजे आम्ही आणि तू. वाचणारीलाही त्यात धरलेलं. आणि ते लिहिलं होतं ताईने. पुस्तकांची मुद्रितं तपासून पोट भरणाऱ्या, एका अनुस्वारावरून प्रकाशकाशी तासभर भांडणाऱ्या माझ्या ताईने.

मी लगेच फोन लावला. ती दुसऱ्या शहरात एकटी राहते.

"ताई, हे 'आपण बसलो' तू लिहिलंस?"

"लिहिलं असेल. का गं?"

"नियम पहिला."

"नियम काय, आपणच केलेले." ती हसली. हसणं तिचंच होतं, पण जरा उशिरा आलं, कुणीतरी खूण केल्यावर यावं तसं. "फार विचार करतो आपण."

"मी करते. तू नाही करत."

"तेच ते."

"तेच कसं? ताई, तू मला तू म्हण. शिव्या दे हवं तर. येडचाप म्हण, नेहमीसारखं."

मी कान देऊन ऐकलं. मागे रहदारी नाही, पंखा नाही, शेजाऱ्यांचा टीव्ही नाही. तिचं घर रस्त्यालगत आहे. एरवी आम्ही हॉर्नच्या मधल्या फटींत बोलतो. आत्ता मात्र तिचा आवाज असा येत होता, जणू स्पंज लावलेल्या भिंतींतून.

"आपण जेवून घेऊ आधी," ती हळूच म्हणाली. "मग बसू."

फोन ठेवला गेला. त्यानंतर तिने माझा फोन घेतला नाही.

मी मावशीला विचारलं, ताईच्या आईला. "अगं, सकाळीच मेसेज होता तिचा," मावशी म्हणाली. "आपण बरे आहोत, काळजी नको, म्हणून. कामात असेल. तू पण ना, उगीच जिवाला घोर लावून घेतेस."

मग काकूंना. त्यांनी एका रिंगमध्ये उचलला.

"काकू, गुडघा कसाय?"

"आपला गुडघा आता नाही हो दुखत," काकू प्रसन्न आवाजात म्हणाल्या.

त्या संध्याकाळी घराचा जिना चढताना मी तीनदा थांबले. उजव्या गुडघ्यात, वाटीच्या बरोबर खाली, कळ येत होती. मला याआधी कधी गुडघा आहे हे जाणवलंही नव्हतं.

५

मी ठरवलं की हा शब्द वापरायचा नाही. वेड लागलं म्हणा, पण तेवढंच हातात होतं.

सकाळी पहिलेच आजोबा आले, सुनेसोबत. मी मोठ्याने म्हटलं, "आजोबा, तुम्ही आत बसा. मी बाहेर थांबते. आवाज तुम्हाला येईल, बटण तुम्ही दाबाल."

"एवढं तोडून का बोलता?" सून म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाशी जरा गोडीत बोलावं."

"अगं, बरोबर बोलतायत त्या," आजोबा म्हणाले. "इथे आलो की सगळे 'आपण कपडे काढू' म्हणतात. काढायला मी एकटाच."

मी हसले, खूप दिवसांनी. दार लावलं, माझ्या जागेवर येऊन बसले, आणि अजून एकही आवाज सोडला नव्हता तोच हिरवा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

काचेतून पाहिलं. आजोबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर. बटण अजून भिंतीच्या खुंटीवरच.

वायर सैल झाली असेल. ओल असेल. मी दार उघडलं, तर आजोबा आधीच उठत होते.

"त्यांचं आधी होऊ द्या," ते म्हणाले. "मला घाई नाही."

"कुणाचं, आजोबा?"

"त्या बाईंचं." त्यांनी मागे कोपऱ्याकडे मान वळवली, तिथे नुसता करडा स्पंज होता. मग सुनेकडे वळून, चिडून, "कान गेलेत माझे. डोळे शाबूत आहेत."

मॅडम आतून आल्या. "काय झालं?"

"वायर," मी म्हणाले. "मी बघते."

"आपण बघू."

"नाही. मी बघते, मॅडम."

मी कधी असं बोलत नाही. मॅडम एक पाऊल मागे सरकल्या. दचकल्या होत्या त्या, आणि मी नव्हते, हे मला घरी जाताना रस्त्यात उमगलं.

६

तोवर ग्रुपवर पात्रं उरली नव्हती. जमादार नाही, चोर नाही, डॉक्टरीण नाही. काकूंची पाळी, मास्तरांची पाळी, ताईची पाळी, सगळ्यांचं एकच सपक, सरळ वळण. 'आपण खाली उतरलो. आपण खोलीत आलो. आपण बसलो. आपण वाट पाहतो.' कुठे वास नाही, प्रश्न नाही, विनोद नाही. काकू लिहायच्या तेव्हा प्रत्येक पाळीत दोन तरी चुका असायच्या शुद्धलेखनाच्या. आता एकही नव्हती.

आणि ताईच्या नावाने, शेवटी: 'आता आपली पाळी.'

आपली म्हणजे त्यांची की माझी? पुन्हा तोच लबाडपणा. पण या वेळी मी व्याकरण काढत बसले नाही. माझा राग असा वर आला की कानशिलं तापली. ही खोली मी आणली होती. तिचं दार कुठे आहे, ते किती जड आहे, कडी कुठल्या बाजूला आहे, हे मला माहीत होतं, ते 'आपण' जे कोणी होते त्यांना नाही. माझ्या ताईला माझ्याच खोलीत बसवून मला पाळी देतात काय.

दुसऱ्या दिवशी मॅडम जेवायला गेल्या आणि मी आतल्या खोलीचं दार सताड उघडलं. खुर्ची पुन्हा भिंतीकडे तोंड करून होती. तिला हात लावला नाही. माझी स्वतःची खुर्ची उचलून आणली आणि दारात आडवी घातली, दार लागूच नये अशी. मग तिच्यावर बसले आणि फोन हातात घेतला.

इथे काय लिहिता आलं असतं ते मला ठाऊक होतं. त्या खोलीबद्दल लिहिलेलं घडत होतं. दिवा विझला, खुर्ची वळली, दुखणं एका गुडघ्यातून दुसऱ्याच्या गुडघ्यात गेलं. म्हणजे 'ताई उठली, दार उघडून बाहेर आली' एवढं लिहिलं की झालं. बोटं तिथपर्यंत गेलीही. 'ताई उ' इथपर्यंत.

मग मी ते पुसलं.

कारण तसं लिहिलं तर ती उठली असती खरी, पण माझ्या हाताने. मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय उरला? बाहेर आली असती ती माझी बाहुली. मला ताई हवी होती, माझ्याशी भांडणारी.

मी लिहिलं:

'मी दारात बसले आहे. मी किल्लीवाली नाही, मी मी आहे. दार मी उघडं धरलंय आणि ते लावायला आधी मला उठवावं लागेल. खोलीत स्पंजाचा आणि जुन्या हेडफोनचा वास येतोय. तुम्ही तिघं आत आहात. तुम्ही तिघं आणि अजून जे कोणी आहे ते. मी तुमच्यात नाही. तुमच्यातलं कुणीही मी नाही. ताई, मी तुला फोन लावतेय. तो वाजेल. उचलायचा की नाही हे तू ठरव. मी ते लिहिणार नाही.'

पाठवलं. मग फोन लावला, आणि कानाशी धरला.

७

रिंग गेली.

दारात तोंड आत करून बसलं तरी काचेतून माझं टेबल दिसतं. टेबलावरचा हिरवा दिवा लागला.

रिंग थांबली, दिवा विझला. पुन्हा रिंग, पुन्हा दिवा. यंत्र मी चालू केलेलं नव्हतं. तो लागत होता तो आतून, बटण दाबल्यावर लागतो तसा. आवाज ऐकू आला की दाबायचं. कुणीतरी ऐकत होतं.

आतल्या खुर्चीकडे पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पाहिलं. खुर्चीची पाठ. खुंटी रिकामी. वायर खुंटीवरून खाली येऊन खुर्चीच्या पुढच्या बाजूला गेलेली, ताणलेली. आणि खुर्चीच्या हातावर एक कोपर, फक्त कोपर, करड्यावर जरा गडद. ते ताईचं होतं का, काकूंचं, कुणाचं, मी सांगू शकत नाही. कोपरावरून माणूस ओळखू येत नाही. पण प्रत्येक रिंगला ते थरथरायचं, मग दिवा लागायचा, आणि दर वेळी त्या दोन्हींच्या मध्ये जरासा वेळ जायचा, जणू दाबणारीला अंगठ्यावरून दुसऱ्या कुणाची तरी बोटं आधी बाजूला सारावी लागत होती.

माझ्या मागे, बाहेरच्या खोलीत, कुणीतरी खुर्चीच्या पाठीला हात लावला. माझ्या खुर्चीच्या. मग थोडा जोर दिला. अदबीने. आपण उठावं, अशा बेताने.

मी दोन्ही पाय चौकटीला लावले. गुडघ्यातून कळ गेली. जाऊ दे म्हटलं. मला लिहिता आलं असतं अजूनही. एकच वाक्य. फोन कानाशी, अंगठा मोकळा. मी अंगठा मुठीत धरला आणि वाट बघत राहिले. रिंग. दिवा. मागून जोर. रिंग. दिवा. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले, तरी मी मागे पाहिलं नाही, आणि दचकलेही नाही. ती ओरडली तरी चालेल, तिने तोंडावर फोन आपटला तरी चालेल, फक्त ते तिचं तिने करू दे.

दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

रिंग थांबली.

मागचा हात निघाला. फोनमध्ये श्वास होता, एकटीचा, खडबडीत, पळून आल्यासारखा. त्याच्या पाठीमागे दूरवर कुठेतरी एक हॉर्न वाजला. मग बऱ्याच दिवसांत न वापरलेल्या गळ्यातून आवाज आला, संशयाने, चिडून:

"कोण गं तू?"